आकडा आला, पण तो खरा आहे का? रुग्णालयाच्या लॅबमध्ये नेमकं काय शिकावं लागतं

बायोकेमिस्ट्रीच्या यंत्रातून एका रुग्णाचे आकडे बाहेर येतात. पोटॅशियम ९.१, कॅल्शियम ४.२, अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम जेमतेम ५. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असतं. ९ म्हणजे हृदयाची लय कोणत्याही क्षणी बिघडावी अशी पातळी. रुग्ण मात्र ओपीडीच्या बाकावर शेजारच्याशी गप्पा मारत बसलेला आहे.

यंत्र बिघडलेलं नाही. रक्त घेणाऱ्याने जांभळ्या टोपणाची ट्यूब आधी भरली, पिवळ्या टोपणाच्या ट्यूबला रक्त कमी पडलं, म्हणून जांभळीतलं थोडं तिच्यात ओतलं. जांभळ्या ट्यूबमध्ये ईडीटीएचा पोटॅशियमयुक्त क्षार असतो. पोटॅशियम वाढलं ते तिथून. ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून त्या ट्यूबमध्ये रक्त गोठत नाही, आणि म्हणूनच कॅल्शियमचा आकडा कोसळला. अल्कलाइन फॉस्फटेजला काम करायला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं. ईडीटीए त्यांनाही अडकवून ठेवतं. एक वर, दोन खाली असं हे त्रिकूट दिसलं, की ट्यूबमध्ये काय घडलं ते शिकलेल्या माणसाला तिथेच कळतं. रिपोर्ट थांबतो, नवं सॅम्पल मागवलं जातं.

लॅबचं शिक्षण म्हणजे यंत्राची बटणं दाबायला शिकणं, असं अनेक पालकांना वाटतं. बटणं महिन्याभरात येतात. वेळ लागतो तो आकड्यावर योग्य वेळी संशय घ्यायला शिकण्यात. रक्त कोणाचं, कोणत्या हातातून, किती वाजता काढलं आणि मध्ये किती वेळ कुठे पडून राहिलं, हे यंत्राला ठाऊक नसतं.

कोर्स कोणता आणि निवडताना काय बघायचं

महाराष्ट्रात बारावी विज्ञान शाखेनंतर मुख्य वाटा दोन: डीएमएलटी हा मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा किंवा पदवी. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) पदवीत लॅबोरेटरी टेक्नॉलॉजी ही शाखा आहे. तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. बीएस्सी झालेले बरेच जण त्यावर वर्षभराचा पुढचा डिप्लोमा करतात. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये जो केंद्रीय कायदा झाला, त्यात शिक्षणाचे किमान तास ठरवलेले आहेत: संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी निदान २,००० तास, तर पदवीधर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी निदान ३,६०० तास. त्यामुळे ‘सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन’ अशी जाहिरात दिसली, तर फी विचारण्याआधी मान्यतेचं पत्र बघायला मागावं आणि त्या कोर्सवर नोंदणी मिळते का, हे नोंदणी करणाऱ्या परिषदेकडे विचारून घ्यावं.

आमच्या मते त्याहून मोठा प्रश्न वेगळा आहे: संस्थेला रुग्णालय जोडलेलं आहे का? रोज किती सॅम्पल येतात? रक्तपेढी, सूक्ष्मजीवशास्त्र, रात्रपाळी हे सगळं तिथे आहे का? वर्गातल्या वीस निरोगी मुलांनी एकमेकांचं रक्त काढून शिकलेलं शिक्षण अपुरंच राहतं. किमोथेरपीने शिरा आक्रसलेली बाई, डिहायड्रेशन झालेलं बाळ, आयसीयूत दोन्ही हातांना सलाइन लागलेला माणूस हे रुग्णालयातच भेटतात.

एक मर्यादा पहिल्या दिवसापासून माहीत असावी. प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं. टेक्निशियन चाचणी करतो, पडताळतो, शंका मांडतो. अहवालाची वैद्यकीय जबाबदारी डॉक्टरची.

शीर सापडणं हे अर्धंच काम

विद्यार्थ्याला सर्वांत जास्त धास्ती सुईची असते. सुई दोन-तीन आठवड्यांत जमते. सर्वांत घातक चूक मात्र सुई टोचण्याआधीच होते: चुकीचा माणूस. “तुम्ही सुनील पाटील ना?” असं विचारलं, की तापाने गुंगलेला माणूस कशालाही हो म्हणतो. म्हणून प्रश्न असा हवा: “तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा.” मग ते फॉर्मशी आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडायचं. ट्यूबवर नाव घालायचं ते रक्त काढल्यावर, रुग्णाजवळ उभं राहूनच. आधीच लेबलं चिकटवलेल्या ट्यूब खिशात घेऊन वॉर्डभर फिरलं, की दोन खाटांच्या ट्यूबांची अदलाबदल व्हायला क्षण पुरतो. रक्तगटाच्या सॅम्पलमध्ये अशी अदलाबदल जीव घेऊ शकते.

दंडाला बांधायचा पट्टा कोपराच्या वर चार बोटं, आणि एका मिनिटाच्या आत सोडायचा. जास्त वेळ राहिला तर शिरेतलं पाणी बाहेर झिरपतं, मागे राहिलेलं रक्त दाट होतं आणि प्रथिनं, कॅल्शियम, कोलेस्टेरॉल खोटंच वाढलेलं दिसतं. शीर दिसत नाही म्हणून रुग्णाला मूठ जोरजोरात उघड-मीट करायला सांगणं ही सर्रास दिसणारी सवय आहे. ती मोडायलाच हवी, कारण स्नायूंतून पोटॅशियम बाहेर येतं. मूठ फक्त मिटून धरायची. स्पिरिट लावल्यावर ३० सेकंद वाळू द्यायचं; ओल्या जागी टोचलं तर रुग्णाला झोंबतं आणि लाल पेशीही फुटू शकतात. प्रौढांसाठी २१ गेजची सुई, बारीक शिरांसाठी २३. सुईचा कोन १५ ते ३० अंश. सलाइन चालू असलेल्या हातातून, सलाइनच्या वरच्या बाजूने कधीही घ्यायचं नाही. डेक्स्ट्रोज चालू असेल तर साखर पाचशेच्या वर दिसेल, आणि कोणीतरी इन्सुलिन देऊन बसेल.

ट्यूबचा क्रम ठरलेला आहे, आणि सुरुवातीचं पोटॅशियमचं उदाहरण आठवलं की तो क्रम का हेही कळतं. आधी ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या बाटल्या, म्हणजे बाकीच्या ट्यूबांवरचे जंतू तिथे पोचत नाहीत. मग निळ्या टोपणाची, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटची ट्यूब. मग लाल किंवा पिवळी, सिरमसाठी, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवासाठी. मग हिरवी हेपॅरिनची, त्यानंतर जांभळी ईडीटीएची, आणि शेवटी साखरेची करडी. आधीच्या ट्यूबमधलं रसायन सुईच्या टोकावरून पुढच्या ट्यूबमध्ये जाऊ शकतं, म्हणून सगळ्यांत जास्त घोळ घालणारी रसायनं शेवटी. भरल्यावर ट्यूब हलक्या हाताने उलटी-सुलटी करायची: सायट्रेट ३-४ वेळा, सिरमची ५ वेळा, ईडीटीए ८ ते १० वेळा. खळखळून हलवायची नाही, पेशी फुटतात. सिरिंजने रक्त काढलं असेल तर सुईतूनच दट्ट्या दाबून ट्यूबमध्ये भरणं हेही पेशी फोडण्याचंच साधन आहे. फुटलेल्या लाल पेशींतून पोटॅशियम आणि एलडीएच, एएसटी ही एन्झाइम बाहेर पडतात. सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून वेगळं केल्यावर सिरम गुलाबी किंवा लाल दिसतं. असं सॅम्पल पोटॅशियमसाठी वापरायचं नाही.

निळ्या ट्यूबबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तिथली चूक डोळ्यांना दिसत नाही. तिच्यात सायट्रेट एक भाग आणि रक्त नऊ भाग हे प्रमाण असतं, ०.३ मिली सायट्रेटला २.७ मिली रक्त. रक्त रेषेपर्यंत भरलं नाही, तर सायट्रेट जास्त होतं, ते चाचणीत घातलेलं कॅल्शियमही अडवून धरतं आणि रक्त गोठायला जास्त वेळ लागल्यासारखं वाटतं. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, खोटाच वाढतो. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाचा डॉक्टर तो आकडा बघून डोस कमी करतो, आणि कृत्रिम झडपेवर गुठळी व्हायचा धोका वाढतो. ट्यूबमध्ये अर्धा मिली रक्त कमी पडलं, त्याचा शेवट इथे होऊ शकतो. बटरफ्लाय सुईने पहिलीच निळी ट्यूब घ्यायची असेल, तर आधी एक फुकट घालवायची ट्यूब लावावी, नाहीतर नळीतली हवा आत जाऊन रक्त तेवढंच कमी भरतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, ५५ टक्क्यांच्या वर असेल, तर प्लाझ्माच, म्हणजे रक्तातला पातळ भागच, मुळात कमी असतो. अशा वेळी ट्यूबमधलं सायट्रेटच कमी करावं लागतं.

साखरेचं गणितही वेळेचं आहे. ट्यूबमध्ये काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंतच असतात आणि साखर खात राहतात. खोलीच्या तापमानाला ताशी ५ ते ७ टक्के साखर घटते. करड्या ट्यूबमधलं फ्लोराइड हे थांबवतं, पण त्याचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास जातात. सकाळी सातला गावातल्या शिबिरात काढलेलं रक्त साध्या ट्यूबमध्ये दुपारी बाराला लॅबमध्ये पोचलं, तर मधुमेहाचा रुग्ण निरोगी ठरू शकतो.

गुठळी, सेंट्रिफ्यूज आणि घाई

सिरमच्या ट्यूबला क्लॉट ॲक्टिव्हेटर (रक्त लवकर गोठवणारा पदार्थ) असेल तर निदान ३० मिनिटं उभी ठेवून रक्त गोठू द्यायचं. वॉर्डमधले मामा सॅम्पल घेऊन आले, सोबत ‘अर्जंट’ अशी चिठ्ठी आहे, म्हणून दहा मिनिटांतच सेंट्रिफ्यूज लावलं, तर फायब्रिनचे बारीक धागे सिरममध्ये राहतात. यंत्राच्या सिरम ओढणाऱ्या नळीला, म्हणजे प्रोबला, तो धागा अडकला, की सिरम कमी ओढलं जातं आणि त्या चाचणीचा आकडा खाली येतो. खरोखरच अर्जंट असेल तर हिरव्या ट्यूबमधला प्लाझ्मा वापरावा, तिला गोठण्याची वाट बघावी लागत नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर सारख्या वजनाच्या ट्यूब ठेवायच्या. नसेल तर तेवढंच पाणी भरलेली ट्यूब. तोल गेलेलं यंत्र थरथरतं, ट्यूब फुटते, आणि रक्ताचे तुषार खोलीभर उडतात.

काचपट्टीवरचं रक्त यंत्राला सुधारतं

सेल काउंटर मिनिटाभरात हिमोग्लोबिन, पेशींची संख्या, प्लेटलेट असं सगळं देतो. मग स्मीअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, कशाला, असं विद्यार्थी हमखास विचारतात. उत्तर प्लेटलेटमध्ये आहे. रुग्णाला ना जखमा, ना रक्तस्राव, आणि प्लेटलेट १८,०००. काही माणसांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये एकमेकींना चिकटतात, आणि यंत्राला तो घोस एक मोठी पेशी वाटतो. स्मीअरच्या पिसासारख्या कडेला बघितलं की पुंजके स्पष्ट दिसतात. मग सायट्रेट ट्यूबमध्ये रक्त घेऊन पुन्हा मोजायचं आणि आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण सायट्रेटने रक्त तेवढं पातळ झालेलं असतं. डेंग्यूच्या हंगामात हे तपासल्याशिवाय १८,००० छापणं म्हणजे धडधाकट माणसाला प्लेटलेट चढवायला पाठवणं.

स्मीअर हातानेच जमतो. कडेपासून साधारण एक सेंटिमीटरवर छोटा थेंब, पसरवायची पट्टी ३० ते ४५ अंशांत, थेंबाला टेकवून तो कडेने पसरू द्यायचा आणि मग एका दमात पुढे. ॲनिमियाचं रक्त पातळ असतं, त्याला कोन वाढवायचा. घट्ट रक्ताला कमी करायचा. पेशी रंगवायला लेश्मन स्टेन दोन मिनिटं, त्यावर दुप्पट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ६.८, मग आठ-दहा मिनिटं. बफर आम्लधर्मी झालं तर सगळं गुलाबी, अल्कधर्मी झालं तर निळं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, स्मीअर हवेत लवकर वाळत नाही आणि उघड्या बाटलीतला स्टेन ओलावा शोषतो. लाल पेशींत चमकणारी छिद्रं दिसायला लागतात आणि नवखा माणूस त्यांना मलेरियाचे परजीवी समजतो. फोकस वर-खाली केल्यावर ठिपका चमकत राहिला तर तो पाण्याचा दोष. परजीवी चमकत नाही.

आणखी एक साधी पडताळणी: हिमोग्लोबिनला तीनने गुणलं की साधारण हिमॅटोक्रिट यायला हवं, तीनेक अंकांच्या फरकाने. लोह कमी असलेल्या रुग्णात हे जुळणार नाही, आणि तिथे ते जुळायची अपेक्षाही नाही. पण एमसीएचसी, म्हणजे लाल पेशींतलं हिमोग्लोबिनचं प्रमाण, ३७ च्या वर गेलं तर थांबायचं. थंडीत पेशी चिकटल्या असतील तर ट्यूब ३७ अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवून पुन्हा लावायची. सिरम दुधाळ असेल तर चरबीने हिमोग्लोबिन फुगवलेलं आहे.

मुंबईचा रक्तगट

रक्तगट दोन्ही बाजूंनी का तपासायचा, याचं उत्तर देणारा रक्तगट मुंबईतच सापडला. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी त्याची नोंद केली, आणि जगभर तो ‘बॉम्बे’ याच नावाने ओळखला जातो. या माणसांच्या लाल पेशींवर ए नसतं, बी नसतं, आणि ओ गटाच्या पेशींवर भरपूर असणारं एच सुद्धा नसतं. पेशींना अँटी-ए आणि अँटी-बी लावून बघितलं, तर गुठळ्या होत नाहीत, आणि गट सरळ ‘ओ’ दिसतो. पण त्यांच्या सिरममध्ये अँटी-एच असतं. उलट तपासणीत ए आणि बी पेशींसोबत ओ पेशीही लावल्या, तर त्या तिसऱ्या नळीतही गुठळी होते. ओ गटाच्या माणसाच्या सिरमने ओ पेशींना असं करायलाच नको. वेळ वाचवण्यासाठी ती तिसरी नळी गाळली, तर बॉम्बे गटाच्या रुग्णाला ओ रक्त देण्याच्या दिशेने पहिलं पाऊल पडतं, आणि ते त्याच्या शरीरात फुटून जाईल. नंतरचा क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचं आणि दात्याचं रक्त जुळवून बघणं, बहुधा हे पकडतो, पण त्याच्या भरवशावर राहून आधीची पायरी गाळायची नसते.

वीसातला एक

रोज सकाळी रुग्णांच्या आधी कंट्रोल लावायचं. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर साधारण माहीत आहे असं सिरम. निदान दोन पातळ्यांचं, एक सामान्य आणि एक असामान्य. रोजचा आकडा लेव्ही-जेनिंग्ज तक्त्यावर टिंब म्हणून मांडतात. मधली रेषा सरासरीची, वर-खाली एक, दोन, तीन एसडीच्या रेषा (एसडी म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरतात त्याचं माप). यंत्र अगदी ठणठणीत असलं, तरी वीसातलं एखादं टिंब दोन एसडीच्या बाहेर पडतंच. तो निव्वळ योगायोग. म्हणून दोनच्या बाहेर हा इशारा, तीनच्या बाहेर म्हणजे थांबा. सलग दोन टिंबं एकाच बाजूला दोनच्या बाहेर, किंवा सलग दहा सरासरीच्या एकाच बाजूला, म्हणजे काहीतरी सरकलं आहे. टिंबं अचानक एक पायरी चढली, तर रीएजंटचा, म्हणजे चाचणीच्या रसायनाचा, नवा लॉट किंवा नवं कॅलिब्रेशन तपासावं. रोज थोडी थोडी उतरत असतील, तर दिवा म्हातारा होतोय किंवा उघडलेला रीएजंट खराब होतोय.

इथे एक वाईट सवय लागते, आणि ती बहुतेक वेळा वरिष्ठांकडे बघून लागते: कंट्रोल बाहेर गेलं की तेच पुन्हा लावायचं, परत बाहेर गेलं की परत, आणि एकदाचं आत बसलं की सुटकेचा श्वास. तीनदा लावून एकदा आत आलेला आकडा काहीच सिद्ध करत नाही. आधी कारण शोधायचं, ते वहीत लिहायचं, मग रुग्णांची सॅम्पल लावायची.

सुई टोचली तर

हिपॅटायटिस बीची लस प्रशिक्षणाआधी सुरू करायची: शून्य, एक आणि सहा महिने, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस, म्हणजे लशीने तयार झालेली प्रतिपिंडं, तपासायचं, १० किंवा जास्त हवं. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालायचं नाही, ती थेट पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. टोचलीच, तर जागा दाबून रक्त पिळायचं नाही. साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं दोन तासांत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा. शिकाऊ मुलं ओरडा बसेल म्हणून हे लपवतात, आणि त्यात तेच ७२ तास निघून जातात. शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं, की कळवल्याबद्दल कोणालाही बोल लावला जाणार नाही.

जे सॅम्पल पुन्हा मिळणार नाही

फुटलेल्या पेशींचं, अपुरं, चुकीच्या ट्यूबमधलं रक्त परत पाठवायचं, हे अंगवळणी पडायला हवं. नाकारताना कारण, वेळ आणि वॉर्डमध्ये कोणत्या सिस्टरना सांगितलं ते वहीत लिहायचं. धोक्याच्या पातळीचा आकडा फोनवर सांगितला, तर समोरच्याकडून तो वाचून घ्यायचा. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखे ऐकू येतात.

पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी, म्हणजे सीएसएफ, मात्र असं परत पाठवता येत नाही. लहान बाळाच्या पाठीत पुन्हा सुई टोचायला कोणी तयार होणार नाही, आणि एव्हाना अँटिबायोटिक सुरू झालेलं असेल. म्हणून सीएसएफ आलं की हातातलं काम सोडायचं. बहुधा तीन ट्यूब येतात: पहिली साखर आणि प्रथिनांसाठी, दुसरी कल्चरसाठी, तिसरी पेशी मोजण्यासाठी, कारण सुई टोचताना आलेलं रक्त तिसरीपर्यंत कमी झालेलं असतं. एकच ट्यूब आली असेल तर आधी ती निर्जंतुक हाताने सूक्ष्मजीवशास्त्राकडे, मग बाकीचं. पेशी तासाभरात मोजायच्या, त्या लवकर विरतात. कल्चरची ट्यूब फ्रिजमध्ये ठेवायची नाही. मेनिंगोकॉकससारखे जंतू थंडीत मरतात आणि कल्चर रिकामं येतं. लेबल अर्धवट असेल, तर सॅम्पल फेकण्याआधी ज्या डॉक्टरने ते काढलं त्याला लॅबमध्ये बोलावून ओळख पटवायची, त्याची सही घ्यायची, आणि अहवालात ती त्रुटी स्पष्ट लिहायची.